टर्बो लावला, पण ब्रीदरचं काय?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुन्या पेट्रोल गाड्यांना टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवणाऱ्या हौशी मंडळींवर आपल्या रविवार पुरवणीत पानभर मजकूर आला. टर्बोची निवड, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) मॅपिंग, सगळं त्यात होतं. क्रँककेसमधला (पिस्टनखालच्या, क्रँकभोवतीच्या पोकळीतला) वायू कुठून काढायचा, यावर मात्र एक ओळही नव्हती. दोष एकट्या लेखाचा नाही. गॅरेजची कोटेशन पाहिली तर त्यांतही टर्बोपासून बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) दाखवणाऱ्या गेजपर्यंत प्रत्येक वस्तूची किंमत असते आणि ब्रीदरच्या, म्हणजे क्रँककेसचा वायू काढणाऱ्या नळीच्या, नावाने भोपळा. मग दोन महिन्यांत गाडी निळा धूर ओकत परत येते, ‘टर्बो गेला’ असं निदान होतं, नवा टर्बो बसतो आणि तोही धूर सोडतो. अशा वेळी पहिला टर्बो बहुधा धडधाकट असतो.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या बसल्या तरी प्रत्येक स्फोटाचा थोडा वायू त्यांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. गॅरेजात याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते, आणि क्रँकने उडवलेल्या तेलाचे धुक्यासारखे कण त्यात मिसळतात. पाणी थोडंथोडकं नसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, काही भाग या वायूबरोबर खाली येतो.

वायू किती, याचा हिशोब करून पाहू. एस्टीम, जिप्सी आणि पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये आलेलं सुझुकीचं १२९८ सीसीचं जी१३ इंजिन घेऊ, कारण टर्बोच्या खटाटोपात बऱ्याचदा तेच हाताशी असतं. ६००० आरपीएमला ते मिनिटाला जास्तीत जास्त ३९०० लिटर हवा ओढू शकतं. सिलिंडरचा भराव ९० टक्के धरला तर ३५०० लिटर. चांगल्या रिंगांमधून एक टक्का निसटतो असं मानलं तर मिनिटाला ३५ लिटर वायू खाली येतो. आता ०.७ बार बूस्ट द्या. हवा दीडपट होते, सिलिंडरमधला दाबही त्या प्रमाणात चढतो, शिवाय टर्बोसाठी रिंगांच्या टोकांमधल्या गॅप मोठ्या ठेवलेल्या असतात. पाइप निवडताना मिनिटाला ८० लिटर धरून चालावं. ८ मिमी आतल्या व्यासाच्या मूळ नळीतून एवढा वायू काढायचा तर त्याचा वेग सेकंदाला २६ मीटर होतो. १६ मिमीच्या पाइपमध्ये तो साडेसहा मीटरवर येतो, १९ मिमीमध्ये पावणेपाचवर. वेग वाढला की दाब साचतो आणि तेलाचा कण खाली पडायच्या ऐवजी वायूबरोबर पुढे जातो. पुढचं जवळजवळ सगळं या दोन परिणामांवर ठरतं.

टर्बो नसलेल्या गाडीत या वायूसाठी दोन वाटा असतात. पहिली पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (हा वायू मोजून सोडणारी झडप) इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांकडे, जाते. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा ५५ ते ६५ किलोपास्कल कमी दाब असतो, तो वायू ओढून घेतो. व्हॉल्व्हमधली पिन आणि स्प्रिंग आयडलिंगला प्रवाह मुद्दाम कमी ठेवतात आणि सावकाश चालीत वाढवतात. दुसरी वाट म्हणजे टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून) एअर फिल्टरच्या नंतरच्या पाइपला जाणारा ब्रीदर. एरवी त्यातून ताजी हवा आत येते, क्रँककेसमधून फिरते आणि पेट्रोल, पाणी घेऊन पीसीव्हीवाटे निघून जाते. पूर्ण रेस दिली की मॅनिफोल्डची ओढ संपते आणि वायू याच ब्रीदरने उलटा बाहेर पडतो. म्हणजे ब्रीदर दोन्ही दिशांना वाहतो. कॅच कॅन (वायूतलं तेल-पाणी अडवणारा डबा) लावताना हीच गोष्ट हमखास विसरली जाते.

टर्बो आला की मॅनिफोल्डमध्ये ओढीच्या जागी दाब येतो. पीसीव्ही व्हॉल्व्हची पिन उलट्या दाबाने बंद होते हे खरं, पण ती सोय बॅकफायरच्या क्षणभराच्या झटक्यासाठी आहे. धातूवर धातू टेकतो, पूर्ण सील होत नाही. दहा-पंधरा वर्षं जुना, काजळी बसलेला व्हॉल्व्ह बूस्टची हवा सरळ क्रँककेसमध्ये सोडतो. ब्लो-बाय वाढलेला असताना वरून ही भर पडते. डिपस्टिक उडते, टॅपेट कव्हरचं पॅकिंग पाझरतं, गिअरबॉक्सच्या बाजूचं मेन सील गळतं. मग गिअरबॉक्स उतरवून सील बदलतात आणि नवं सीलही महिनाभरात ओलं होतं.

यात टर्बोची बदनामी कशी होते तेही सांगतो. टर्बोच्या शाफ्टला रबरी ऑइल सील नसतं. दोन्ही टोकांना धातूच्या चिमुकल्या रिंगा असतात आणि त्यांचं काम दाबाच्या फरकावर चालतं. तेल आत जातं पंपाच्या दाबाने, पण बेअरिंगमधून निघाल्यावर फेस होऊन केवळ वजनाने खाली उतरतं. टर्बो हा चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातल्या) तेलाच्या पातळीपेक्षा ३० सेंटिमीटर उंच असेल तर तेवढ्या तेलाच्या स्तंभाचा दाब जेमतेम अडीच किलोपास्कल भरतो. फेस असेल तर त्याहून कमी. क्रँककेसमध्ये तेवढा दाब साचला की तेल खाली उतरायचं थांबतं आणि रिंगा ओलांडून एका बाजूने कॉम्प्रेसरमध्ये, दुसऱ्या बाजूने टर्बाइनमध्ये जातं. अडीच किलोपास्कल म्हणजे बूस्ट गेजवर काटा जागचा हलणारही नाही इतकी किरकोळ गोष्ट.

यावर बाजारात जे उपाय चालतात त्यांतला सर्वांत लाडका म्हणजे पीसीव्हीच्या जागी बूच मारायचं आणि टॅपेट कव्हरवर लिंबाएवढा फिल्टर खोचायचा. बोनेट उघडल्यावर तो दिसतोही छान. दाबाचा प्रश्न त्याने काही अंशी सुटतो, पण ताजी हवा फिरणंच बंद होतं. पेट्रोल आणि पाणी तेलातच राहतं. बूस्टमध्ये मिश्रण मुद्दाम पेट्रोल जास्त ठेवून दिलेलं असल्याने तेल लवकर पातळ होतं. पावसाळ्यात रोजची चार-पाच किलोमीटरची फेरी असेल तर ऑइल कॅपच्या खाली पिवळट पांढरी साय जमते आणि मालकाला वाटतं हेड पॅकिंग गेलं. फिल्टर तेलाने भिजून बंद होतो तो वेगळाच. तेल पाझरून टर्बोच्या तापलेल्या घरावर पडलं तर जाळ होऊ शकतो. दुसरा उपाय, ब्रीदरला लांब पाइप जोडून गाडीखाली सोडणं. १९६० च्या आधीच्या मोटारींत अशीच नळी असायची. तेव्हाच्या मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक क्रँककेसमधून येत असे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाने धुरक्यावर उपाय शोधताना पहिला हात घातला तो याच नळीला, आणि पीसीव्ही सार्वत्रिक झाला तो तिथून.

नीट मांडणी अशी करावी. दोन्ही वाटा ठेवाव्यात आणि दोन्हींवर स्वतंत्र सेपरेटर, म्हणजे कॅच कॅन, लावावा. पहिली वाट: क्रँककेस किंवा टॅपेट कव्हर, मग छोटा कॅच कॅन, मग पीसीव्ही व्हॉल्व्ह, मग एनआरव्ही (एकाच दिशेने वाहू देणारा व्हॉल्व्ह), मग मॅनिफोल्ड. एनआरव्हीवरचा बाण मॅनिफोल्डकडे हवा. उलटा बसवला तर इंजिन बूस्टमध्ये स्वतःच्याच पोटात हवा भरतं, आणि अशी जोडणी वाटते तितकी दुर्मिळ नाही. एनआरव्ही लावला म्हणून पीसीव्ही काढून टाकू नये. प्रवाह मोजून सोडण्याचं काम पीसीव्ही करतो. तो गेला की आयडलिंगला मॅनिफोल्डची सगळी ओढ क्रँककेसवर येते, आरपीएम चढतो, सील आत ओढली जाऊन शिटी वाजते आणि डब्यात अडकायला हवं ते तेल मॅनिफोल्डमध्ये जातं. एनआरव्ही म्हणून ब्रेक बूस्टरचा व्हॉल्व्ह बरेच जण वापरतात. सुरुवातीला तो चालतो, पण तेलाच्या वाफेत त्याचं रबर फुगतं, म्हणून दर सर्व्हिसला तपासावा. त्याहून बरं म्हणजे कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेल्या एखाद्या पेट्रोल इंजिनाचा एनआरव्ही किंवा पीसीव्ही असेंब्ली घेणं.

दुसरी वाट: टॅपेट कव्हरवरून मोठ्या पाइपने मोठ्या कॅच कॅनमध्ये आणि तिथून एअर फिल्टर व टर्बो यांच्या मधल्या पाइपमध्ये. यात एनआरव्ही घालायचा नाही, कारण सावकाश चालीत ताजी हवा इथूनच आत येते. बूस्टमध्ये टर्बोच्या तोंडाशी फिल्टरच्या अडथळ्यामुळे दोन-तीन किलोपास्कलची ओढ तयार होते आणि वायू बाहेर काढायला ती पुरते. त्या पाइपवर निपल वेल्ड करताना आत १० मिमी येऊ द्यावं आणि टोक तिरकं कापून उघडी बाजू टर्बोकडे ठेवावी. एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत हे निपल सेन्सरच्या नंतरच हवं. सेन्सरच्या आधी जोडलं किंवा ब्रीदर उघडा सोडला तर आयडलिंगला न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण बिघडतं. सेन्सरच्या तारेवर तेल बसतं ते वेगळं. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या जी१३ला याचा त्रास कमी.

एक अडचण हेडमधली आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय डबे बदलत बसण्यात अर्थ नाही. क्रँककेसमधला वायू टॅपेट कव्हरपर्यंत ज्या भोकांतून वर येतो, बऱ्याच इंजिनांत त्याच भोकांतून वरचं तेल खाली परततं. ५५०० आरपीएमच्या वर वायूचा जोर वाढला की तेल खाली उतरत नाही, हेडमध्ये तळं साचतं आणि ब्रीदरमधून तेलाची धारच लागते. कितीही महागडा कॅच कॅन लावला तरी तो ट्रॅकवरच्या एका सत्रात भरतो. उपाय म्हणजे वायूला ब्लॉकमधून थेट वेगळी वाट काढून देणं. जुन्या कार्बोरेटर इंजिनात यांत्रिक पेट्रोल पंपाची जागा ब्लॉकवर असेल तर तिथे पट्टी बसवून १६ मिमीचं फिटिंग घेता येतं. तशी जागा नसेल तर चेंबरच्या वरच्या भागात, तेलाच्या पातळीपासून दूर आणि क्रँकच्या फेऱ्याच्या आड, आतून पडदा लावून फिटिंग वेल्ड करावं. हा पाइप मोठ्या डब्यालाच जोडायचा. अशा १६ मिमीच्या दोन वाटा मिळाल्या की वेग सेकंदाला साडेतीन मीटरच्या खाली येतो आणि अर्धं काम तिथेच होतं.

टॅपेट कव्हरमध्ये कंपनीने बसवलेला पत्र्याचा पडदा असतो. तो कापून सरळ मोठं फिटिंग वेल्ड केलेली कव्हरं पाहायला मिळतात. कॅम लोबने उडवलेलं तेल मग थेट पाइपमध्ये जातं. फिटिंग कॅमच्या डोक्यावर न घेता बाजूला घ्यावं आणि त्याच्या खाली २५ मिमीवर नवा पडदा द्यावा. वेल्डिंग आणि आटे पाडायचं काम कव्हर उतरवूनच करावं. ॲल्युमिनियमचा एक कीस ऑइल पंपात गेला की पुढचं बोलायलाच नको.

पाइपबद्दल. रेडिएटरचा होज वापरू नये. तो ईपीडीएम रबराचा असतो, तेलाने फुगतो आणि मऊ पडतो. साधा सिलिकॉन होज रंगाने देखणा असतो, पण तेल त्यातून पाझरतं. घ्यायचा तर आतून फ्लोरोचं अस्तर असलेला. एमआयडीसीतल्या हायड्रॉलिक होजच्या दुकानात तेलाला चालणारा नायट्राइल होज मीटरवर मिळतो, तो पुरेसा आहे. आता पंपावर ई-२० येतं, त्यामुळे मॅनिफोल्डकडच्या छोट्या पाइपला इंधनाला टिकणारा होज घ्यावा. तो दोऱ्याची किंवा तारेची वीण असलेला हवा, नाहीतर व्हॅक्यूमने चपटा होऊन बंद पडतो. ‘१९ मिमी पाइप लावलाय’ म्हणताना आतल्या निपलचं भोक मोजा. १९ मिमी होजच्या बार्बला बरेचदा १५ मिमीच भोक असतं आणि काटकोनी एल्बोत ते आणखी आवळतं. मोठ्या वळणाचे बेंड घ्यावेत. पाइप इंजिनापासून डब्यापर्यंत सतत चढता ठेवावा. मधे कुठे झोळ पडला तर तिथे पाणी-तेल साचतं आणि आपण मोठ्या कष्टाने केलेली वाट पाण्याच्या घोटाने बंद होते. अशी गाडी हिवाळ्यात लडाखला नेणार असाल तर तोच घोट गोठतो.

ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळणारे निळे-लाल चकचकीत कॅच कॅन बहुतेक आतून रिकामे असतात. दोन्ही निपल झाकणावर शेजारी-शेजारी, ९ मिमीचे. वायू एकातून येतो आणि दुसऱ्यातून तसाच जातो. डबा घ्यायचाच तर पहिल्या वाटेला अर्धा लिटर, दुसऱ्या वाटेला एक लिटर किंवा मोठा घ्यावा. आत येणारी नळी तळापासून एक तृतीयांश उंचीपर्यंत खाली न्यावी, त्याच्या वर भोकं पाडलेली पट्टी, पट्टीवर स्टेनलेस जाळीचा सैल गोळा, त्यावर पुन्हा पट्टी, आणि मग बाहेर जाणारं निपल. भांडी घासायची स्टीलची घासणी इथे चालते, पण दोन्ही पट्ट्यांच्या मधे कैद करूनच. तिचा एक तुकडा कॉम्प्रेसरच्या पंख्यावर गेला तर टर्बो खरोखरच जाईल. बारीक स्टील वूल अजिबात नको, ते तुटतं. जाळी घट्ट कोंबली की अडथळा वाढतो आणि आपण फिरून पहिल्या जागी येतो. डब्याला पातळी दाखवणारी नळी किंवा डिपस्टिक असेल तर ती हवाबंद आहे का पाहा, कारण मॅनिफोल्डच्या वाटेवर तिथून हवा ओढली जाते. डबा टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, शक्यतो समोरची हवा लागेल असा बसवावा. वायू थंड झाला तरच वाफ आणि तेल डब्यात उतरेल.

डब्यात जमतं ते पुन्हा इंजिनात ओतण्याची चूक करू नये. ते तेल दिसतं, पण त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्ल असतं. चेंबरमध्ये आपोआप परत जाणारा पाइप फक्त मोठ्या, गरम राहणाऱ्या सेपरेटरला जोडावा आणि तोही तेलाच्या पातळीखाली उघडणारा. रस्त्यावरच्या गाडीला तळाशी तोटी असलेला डबा बरा. आमच्या मापाने हजार किलोमीटरला ५० ते १०० मिलिलिटर जमणं ठीक. ट्रॅकवर वीस मिनिटांत तेवढं जमलं तर दोष रिंगांमध्ये, हेडमध्ये किंवा तेलाच्या पातळीत आहे. ‘टर्बो आहे म्हणून अर्धा लिटर जास्त’ ओतलेलं तेल क्रँक फेसाळून ब्रीदरकडे पाठवतो. नवा ऑइल कूलर लावला असेल तर इंजिन चालवून, बंद करून, दहा मिनिटांनी पातळी पाहावी आणि वरच्या खुणेच्या आत ठेवावी.

टर्बोचा तेल-परतीचा पाइपही याच प्रकरणाचा भाग आहे. आतला व्यास किमान १६ मिमी, उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत, कुठेही झोळ नाही, आणि चेंबरमध्ये तो तेलाच्या पातळीच्या वर उघडला पाहिजे. पातळीखाली उघडला तर क्रँककेस कितीही मोकळी असो, तेल तुंबतं. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेलाच्या आत जाणाऱ्या वाटेत साधारण १ मिमीचं रिस्ट्रिक्टर (प्रवाह आवळणारं भोक) लागतं. ते नसेल तरी हाच निळा धूर दिसतो.

रिंगांबद्दल थोडक्यात. फोर्ज्ड पिस्टनबरोबर आलेला तक्ता पाहावा. ढोबळ हिशोब बोअरच्या ०.४५ ते ०.५ टक्के इतक्या गॅपचा. ७४ मिमी बोअरला वरच्या रिंगेची गॅप ०.३३ ते ०.३७ मिमी आणि दुसरीची त्याहून किंचित मोठी, म्हणजे दोन रिंगांच्या मधे अडकलेला दाब वरची रिंग उचलत नाही. भीतीपोटी गॅप अर्धा मिलिमीटर ठेवली की ब्लो-बाय वाढतो. लोभापोटी मूळ गाडीइतकी ठेवली की उष्णतेने टोकं भिडून पिस्टनची कड तुटते. बांधलेल्या इंजिनाची लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती टक्के निसटते ते पाहणारी) गरम इंजिनावर दहा टक्क्यांच्या आत यावी. वीसच्या वर गेली आणि ऑइल कॅपमधून फुसफुस ऐकू आली तर ब्रीदर मोठा करत बसू नका, इंजिन उघडा.

हे सगळं नीट झालं की नाही, ते अंदाजावर सोडायची गरज नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, दोन्ही भुजा मीटरभर उंच राहतील असा यू करून त्यात रंगीत पाणी भरा, आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला जोडा. मधे एक रिकामी बाटली हवाबंद बसवा, म्हणजे व्हॅक्यूमने पाणी इंजिनात जाणार नाही. दोन भुजांतला १०० मिमीचा फरक म्हणजे एक किलोपास्कल. आयडलिंगला पाणी इंजिनाकडे थोडं ओढलं जायला हवं. डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण बूस्टला फरक शून्याच्या आसपास राहिला तर उत्तम, १०० मिमी दाब चालेल, २५० मिमीला टर्बोचं तेल तुंबायला लागतं. ट्रॅकवर मोजायचं असेल तर अडीच बारचा मॅप सेन्सर डिपस्टिकच्या नळीला जोडून ईसीयूत नोंद घ्यावी. शून्य कुठलं ते गाडी बंद असताना पाहावं. पुण्यात बाहेरचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो, मुंबईत १०० च्या वर, त्यामुळे दुसऱ्याच्या आलेखातला आकडा उसना घेऊ नये.

डायनो नसला तर कागदाचा तुकडा आहेच. गरम इंजिन आयडलिंगला ठेवा, ऑइल कॅप काढा आणि भोकावर कागद ठेवा. तो चिकटून बसला तर पहिली वाट जिवंत आहे. उडाला तर पीसीव्ही तुंबला आहे किंवा ब्लो-बाय फार आहे. पीसीव्ही हलवल्यावर खळखळ वाजतो एवढ्यावर समाधान मानू नये. पिन सुटी आहे इतकंच त्यातून कळतं. व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही काढून, मॅनिफोल्डच्या बाजूने रेग्युलेटर लावून एक बार हवा द्यावी आणि दुसऱ्या टोकाला साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे आले तर भाग बदलावा.

बूस्ट गळती शोधण्यासाठी टर्बोच्या तोंडातून हवा भरतात तेव्हा एक सापळा असतो. ब्रीदरचा पाइप जोडलेला असेल तर तीच हवा सरळ क्रँककेसमध्ये जाते आणि एक बारला मेन सील बाहेर येतं. आधी ब्रीदरचं निपल बुचाने बंद करा, ऑइल कॅप उघडी ठेवा, अर्ध्या बारवर थांबा.

धूर कुठून येतो हे ओळखायलाही पाइप उतरवून पाहणं पुरतं. टर्बोच्या आधीचा पाइप ओला असेल तर तेल ब्रीदरवाटे येतंय. आधीचा कोरडा आणि कॉम्प्रेसरच्या नंतरचा ओला असेल तर ते टर्बोच्या रिंगांमधून येतंय, म्हणजे परतीचा पाइप आणि क्रँककेसचा दाब तपासा. दोन्ही ठीक निघाले, तर मगच टर्बो बदलण्याचा विचार करा. इंटरकूलरच्या तळाशी तेलाचा हलका थर असणं यात धरू नये. चमचाभर तेल निघालं तर मात्र ते पेट्रोलचा ऑक्टेन खाली ओढतं आणि ट्यूनरने बेतलेल्या टायमिंगवरही नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) सुरू होतं.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण लेखात तेही सुटलं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. क्रँककेसचा वायू बाहेर सोडायचा नाही ही अट वाहनाच्या उत्सर्जन मंजुरीच्या चाचण्यांतच आहे. पीयूसीत तिचा भंग पकडला जात नाही, कारण तिथे नळी फक्त सायलेन्सरमध्ये घालतात. शर्यतीच्या गाड्यांचा मामला वेगळा. जागतिक मोटारस्पोर्ट संघटना एफआयएच्या परिशिष्ट जे मध्ये उघड्या ब्रीदरसाठी २००० सीसीपर्यंत किमान दोन लिटरचा आणि त्यावर तीन लिटरचा डबा सांगितला आहे, तोही पारदर्शक किंवा काचेची खिडकी असलेला. हेतू एवढाच की तेल ट्रॅकवर सांडू नये. रस्त्यावरच्या गाडीला तो नियम दाखवून सुटका होत नाही.

या विषयावर पुरवणीत पुन्हा काही छापणार असाल तर टर्बोच्या फोटोपेक्षा या दोन वाटांची आकृती छापावी. त्यात बाण आयडलिंगचे निळे आणि बूस्टचे लाल असे वेगळे दाखवावेत, कारण दुसऱ्या वाटेवर बाण उलटतो हे चित्रातच चटकन कळतं. आणि डब्यातून निघालेलं काळं पाणी-तेल गटारात ओतू नये, जुनं ऑइल घेणाऱ्याच्या कॅनमध्ये टाकावं, हेही त्याच चौकटीत खाली बसेल.

आपला,
इंजिन बांधणीच्या व्यवसायातला एक वाचक,
भोसरी, पुणे